घागरीला घाम यायला हवा

चैत्र अर्धा सरला की मी स्टुडिओतला कूलर बंद करते. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असतं, गारखेड्यातली समस्त कुत्री उभ्या गाड्यांखाली जाऊन झोपलेली असतात, आणि आत मी आणि नसरीन, दोघी शिकल्यासवरलेल्या बायका, हाताशी कूलर असून घाम पुसत बसलेल्या असतो. कारण कूलरचा वारा एकाच बाजूनं येतो. ओल्या भांड्याची ती बाजू आधी सुकते, दुसरी मागं राहते आणि भांडं तोंड वाकडं करतं. कधी सरळ तडकतंच. म्हणून भांड्यांना सोसेल तेच हवामान आम्ही सोसतो. नसरीन माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि या स्टुडिओतली भागीदार. मुलांचे वर्ग ती घेते, मी चाकावर बसते. ती म्हणते, “मिट्टी को पंखा नको, कूलर नको, ऊन भी नको. इतने नखरे तो माझ्या सासूचे पण नाहीत.”

यंदा चाकावर घागर आहे. मागच्या वर्षीपेक्षा मोठी, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी. माती काळी आहे, चिकट आहे, बोटांना सोडायला तयार नाही, आणि तिचा वास आला की मागचा उन्हाळा आख्खा आठवतो. “अब क्या रांजण बनाएगी?” नसरीननं परवा विचारलं. मी म्हटलं, वरच्या गयामावशींनी मोठी सांगितलीये. त्यावर ती नुसती ओलं गोणपाट पिळून माझ्या हाताशी ठेवून गेली. नसरीन गप्प बसली म्हणजे गोष्ट साधी नाही, हे तिला ओळखणाऱ्या कुणालाही कळेल.

अक्षय तृतीया, गावाकडची आखिती, म्हटलं की सराफ्यात गर्दी होते. पण आमच्याकडं पुष्कळ घरांत त्या दिवशी आणखी एक काम असतं. मातीची नवी घागर आणायची, पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर करा, म्हणजे मातीचा छोटा गडू, ठेवायचा, शेजारी खरबूज, आंबा, पुरणपोळी मांडायची आणि गेलेल्या माणसांना पाणी प्यायला बोलवायचं. उन्हाळ्याचे दिवस, लांबून यायचं, तहान लागणारच. या प्रथेतलं हे साधं व्यवहारज्ञान मला फार आवडतं. पितरांकडं काही मागायचं नाही, त्यांना घाबरायचंही नाही. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतो, तसंच विचारायचं. ही घागर मी लहानपणापासून पाहत आले होते, पण ती कशी असते, कशी असायला हवी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. प्रश्न पडणं हाच ज्या बाईचा धंदा, तिला तो पडला नव्हता याचं मला आता नवल वाटतं.

तो प्रश्न गयामावशींमुळं पडला. गयामावशी आमच्या घरमालकीण. बिडकीनजवळची त्यांची शेती औद्योगिक वसाहतीत गेली, मग त्यांच्या मुलानं, संतोषनं, शहरात हे दुमजली घर बांधलं आणि खालचं गॅरेज आम्हाला भाड्यानं दिलं. आमचं चाक, विजेची भट्टी आणि मातीची पोती टेम्पोतून उतरत होती तेव्हा मावशी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या.

“तू कुंभाराची का?”

“नाही.”

“मंग मातीत कशापायी हात घालतीस?”

“आवडतं म्हणून.”

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. “आम्ही जलमभर मातीतच हात घातले बाई. आवडतंय का, असं कुणी इचारलं नाय.”

बोलणं टोचरं नव्हतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांच्या मालकांना, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, नवल वाटलं ते आमच्या पोत्यांचं. आमची माती गुजरातेतून ट्रान्सपोर्टनं येते, पांढरट, पिठासारखी मऊ. आप्पांनी पहिल्याच दिवशी चिमूटभर उचलून बोटांत चोळली.

“ह्यात काय येतं?”

“काही नाही येत आप्पा.”

“मंग कसली माती म्हणायची ही?” असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि गॅरेजच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. त्यानंतर ती दुपार त्यांची ठरून गेली. चाक फिरायला लागलं की ते बघत बसत. बोलत फार कमी. वर फ्रिज होता तरी पाणी प्यायला खाली आमच्या माठाशी येत. म्हणत, “फ्रिजचं पाणी दातापोतरच जातं, पुढं उतरत नाय.”

आप्पांना हे शहर कधी लागूच पडलं नाही. आमच्या भागात सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी फाटकं सारखी. रिक्षावाल्याला पत्ता सांगायची वेळ आली की ते “बिडकीनवाल्यांचं घर” एवढंच सांगत. एकदा रिक्षावाल्यानं भलत्याच गल्लीत सोडलं, तर एका अनोळखी घराच्या ओट्यावर शांत बसून राहिले, संतोष शोधत येईपर्यंत. बाजाराच्या दिवशी मात्र न चुकता एसटीनं बिडकीनला जात, जमीन जिथं होती तिथं जाऊन उभे राहत आणि परत येत. तिथं काय बघितलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. दिवाळीनंतर ते गेले, झोपेतच. खुर्ची दाराशी तशीच राहिली. ती उचलायचं ना माझ्या मनात आलं ना नसरीनच्या.

मग चैत्र आला. मी गच्चीवर भांडी सुकायला ठेवायला गेले होते आणि मावशी कुरडया घालत बसल्या होत्या. गव्हाच्या चिकाचा तो आंबूस, गरम वास सगळ्या गच्चीवर पसरला होता. वर न बघताच त्या म्हणाल्या, “आखितीला ह्यांची पहिली घागर हाय. ती तू कर.”

“मावशी, गुलमंडीत छान मिळतात की.”

“बाजारातली नको. आपल्या वावरातल्या मातीची कर.”

वावर आता होतं कुठं? त्यांना ते कळलं असावं. “माती कुठं जातीय? तिथंच हाय ती,” त्या म्हणाल्या. मग सोऱ्या खाली ठेवला, हात पदराला पुसले. “ह्यांना हे घर कधी गावलंच नाय बघ. जित्तेपणी गावलं नाय, आता तर संगं कुणी बी नाय. कसं येतील इथं? आपल्या मातीचा वास आला तर त्या वासानं येतील. नायतर तिकडंच फिरत बसतील उन्हात, तहानलेले.”

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला. मी काही फार देवधर्म करणारी बाई नाही. मेलेली माणसं पाणी प्यायला येतात का, असं मला एरवी कुणी विचारलं असतं तर मी हसून विषय बदलला असता. पण तेव्हा वसाहतीतल्या रुंद, रिकाम्या सिमेंटच्या रस्त्यावर टोपी घालून उभे असलेले आप्पा मला स्वच्छ दिसले आणि माझ्याच घशाला कोरड पडली. करते म्हटलं. म्हणून बसले आणि मग भानावर आले, कारण काळ्या मातीची मडकी कुणी करत नाही. का करत नाही हे मात्र मला धड माहीत नव्हतं, आणि एखादी गोष्ट का होत नाही हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा खोटं कशाला बोलू, करते म्हणण्यात निम्मी मावशींची माया होती आणि निम्मी माझी उत्सुकता.

माती आणायला संतोषच्या गाडीतून गेलो. तो कुरकुरतच निघाला होता. “आई, माती ती माती. गंगापूर रोडला बी भेटल, पायजे तितकी.” पण वसाहतीत शिरल्यावर तोच गोंधळला. जिकडं बघावं तिकडं सारखेच रस्ते, सारखेच दिव्यांचे खांब, तारेच्या कुंपणात रिकामे प्लॉट. झाड औषधाला नाही. ज्या रानात तो लहानाचा मोठा झाला, तिथं तो मोबाइलवर नकाशा बघत होता. मावशी मागच्या सीटवरून म्हणाल्या, “थांब. आत्ता पूल गेला ना? तो आपला नाला. उतरू दे मला.” डोक्यावर पदर घेऊन त्या भर उन्हात चालू लागल्या, रोजच्या कामाला निघाल्यासारख्या, आणि एका ठिकाणी थांबल्या. “हितं बांधाची बोर होती.”

तिथं गटाराच्या खोदकामातून निघालेला मातीचा ढीग कडेला पडला होता. एक वॉचमन सावलीतून उठून आला.

“काय पायजे?”

“माती.”

“कशाला वो?”

“घागर करायची. आमच्या मालकांची पहिली आखिती हाय.”

वॉचमन केबिनमध्ये गेला आणि घमेलं घेऊन आला. मावशी ढेकळं फोडून बघत होत्या. ही मुरमाची, टाक, ही भरावाची, टाक, ही आपली. मी विचारलं, कशावरून? त्यांना माझ्या प्रश्नाचं हसू आलं. “आपलं पोरगं जत्रंत वळखू येतं का नाय?” संतोष तोवर कडेला उकिडवा बसून ढेकूळ हातात घेऊन बघत होता. परतीच्या वाटेवर त्यानं गाडीची काच खाली ठेवली आणि एसी लावला नाही.

आता कबूल करते, मला हा भाग सगळ्यात आवडतो. माती भिजवायची आणि ती काय करते ते बघायचं. माझ्या खिडकीत बरण्यांची रांग आहे. जिथं जाईन तिथली चिमूटभर माती मी आणते. वेरूळच्या वाटेवरची विटकरी लाल, गंगापूरकडची गोदाकाठची मऊ पोयटा माती, उसाच्या पाचटाची राख, खडी केंद्रावरची करडी धूळ. त्या बरण्यांशेजारी खापराच्या नळाचा एक तुकडा आहे. तो नसरीनच्या वडिलांनी दिलेला. बेगमपुऱ्यात त्यांच्या लहानपणी जुन्या नहरीचं पाणी यायचं, डोंगरापासून जमिनीखालच्या अशाच भाजलेल्या मातीच्या नळांतून. तुकड्याला आतून चुन्याची जाड साय धरली आहे. एवढं पाणी त्यातून वाहिलं. कुणी घडवला असेल तो, त्याला किती पुढचं दिसत असेल, असा विचार मी चहा पिताना नेहमी करते.

आप्पांच्या वावरातली माती पाण्यात टाकली तर ती पाणी पीतच गेली. बादली भरून वर आली. “ये तो इडली का पीठ है,” नसरीन म्हणाली. त्या मातीच्या मी छोट्या टिकल्या थापल्या आणि गच्चीवर मावशींच्या पापडांशेजारी सुकायला मांडल्या. पांढरे पापड आणि काळ्या टिकल्या, एकाच चादरीवर. नसरीननं विचारलं, हे पण तळायचे का? संध्याकाळपर्यंत पापड वाळले आणि टिकल्या फाटल्या. उन्हाळ्यात कापसाच्या रानाला पाय जाईल अशा भेगा पडतात, अगदी तशाच भेगा, फक्त लहान मापाच्या. मी हिरमुसले. मावशींनी मात्र एक टिकली तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. “आपलंच वावर हाय हे. असंच उलतं.”

टिकल्या कमी आचेवर भाजल्या तर विटेचा सुरेख रंग आला. मी खूश. मग काही दिवसांनी भर दुपारी शांततेत ‘तट्’ असा आवाज यायला लागला. मातीतले चुनखडीचे बारीक खडे भाजून निघाले होते, ते हवेतली ओल धरून फुगत होते आणि टिकलीचे कपचे उडवत होते. म्हणून दुसऱ्या काही टिकल्या चढ्या आचेवर भाजल्या, आमची पांढरी माती भाजतो तशा. भट्टी उघडली तेव्हा आत टिकल्या नव्हत्याच. त्या वितळून ओघळल्या होत्या आणि त्यांची काळीभोर, चकचकीत काच झाली होती. ही माती ज्या काळ्या दगडाची झाली, तो दगड एके काळी लाव्हा होता, हे शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. आता ते माझ्या भट्टीतल्या शेल्फला चिकटून बसलं होतं आणि छिन्नीनंही निघत नव्हतं.

इथं माझं डोकं फिरलं. आनंदानं फिरलं. भांड्यावर जो काचेसारखा चकचकीत थर देतात, त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो, आणि त्याची पूड आजवर मी बाहेरून मागवत आले होते. इथं आप्पांच्या वावरानं फुकटात असा ग्लेझ दिला होता की बघत राहावं! मी आमच्या पांढऱ्या मातीची डौलदार घागर केली, तिच्यावर वावरातल्या मातीचा पातळ थर दिला आणि भाजली. पिकल्या जांभळासारखा रंग आला, कडांना मधाची झाक. मी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. नसरीन म्हणाली, “माशाअल्ला, इसको तो शोकेस में रख.” आम्ही दोघी वाजतगाजत म्हणाव्या तशा वर गेलो.

मावशींनी घागरीवरून हात फिरवला. “लई देखणी झाली गं.” मग त्यांनी तिच्यात पाणी भरलं आणि पोराचा ताप बघावा तसा तिच्या पोटाला तळहात लावून बसल्या. बराच वेळ बसल्या. मला वाटलं, आवडली. मग त्यांनी हात काढून तळवा बघितला.

“हिला घाम कामून येईना?”

“यायचाच नाही मावशी,” मी अभिमानानं म्हटलं. “थेंबसुद्धा बाहेर येणार नाही हिच्यातून.”

“मंग पाणी त्यांच्यापोतर जायचं कसं?”

त्यांनी मला समजावून सांगितलं. घागर भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायची. पाणी थोडं उतरलेलं असतं. तेच ते प्यालेले असतात. “आमच्या सासूबाई बोट घालून बघायच्या. उतरलेलं असलं की म्हणायच्या, येऊन गेले. मंगच चहा ठेवायच्या. हिच्यातलं पाणी उतरायचंच नाय म्हणतीस तू. मंग ते आले का नाय, मला कळणार कसं?”

खाली येऊन मी आप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. माझं सगळं शिक्षण काय होतं? भांडं गळता कामा नये. कपाखाली टेबलावर ओलं वर्तुळ उमटलं तर गिऱ्हाईक कप परत आणतं. एवढी वर्षं मी पाण्याला आत कोंडायलाच शिकत होते. आणि घरी, लहानपणी, आमचा माठ तर सारखा ओला असायचा. आई त्याच्याखाली वाळू पसरायची आणि त्या ओल्या वाळूत धने टाकायची; उन्हाळाभर आमटीवर माठाखालची कोथिंबीर असायची. तो माठ झिरपत होता म्हणून पाणी गार होतं. नहरीचे खापरी नळ तरी काय कोरडे राहिले असतील? जमिनीखाली ते शहरभर पाझरत असणार आणि वरच्या झाडांना कुणी पाणी घालत नसतानाही ती हिरवी राहत असणार. हे सगळं मला माहीत होतं. फक्त चाकावर बसताना मी ते घरी ठेवून येत होते. माझी फजिती झाली होती, पण खरं सांगते, मला इतकं ताजंतवानं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

“ही लोणच्याला ठेवते,” मावशींनी वरून सांगितलं. “वाया कशाला घालवायची.”

तिथी आता जवळ आली होती. उरलेली काळी माती मी पाण्यात पातळ केली आणि चुन्याचे खडे काढायला नसरीनच्या जुन्या ओढणीतून गाळली. वाळू घातली, फुटक्या भांड्यांचा चुरा घातला, थोडा लाकडाचा भुसा घातला, म्हणजे भट्टीत तो जळून पाण्याला बारीक वाटा राहतील. चाकावर ती माती उभी राहीना, तर वळीवर वळी रचून, थापून थापून घागर वाढवली. बरोबर एक छोटा करा केला. कूलर बंद, पंखा बंद, खिडकीला ओलं गोणपाट. घरात बाळंतीण असावी तसं आम्ही त्या घागरीभोवती वावरत होतो. भट्टी लावली त्या दिवशी मधेच वीज गेली. संतोष कंपनीतून नुकताच आला होता. तो वायरमनला फोन लावत, ये-जा करत बाहेर उभा राहिला. वीज आल्यावर आत येऊन त्यानं विचारलं, “ताई, होईल ना?” माती ती माती म्हणणारा हाच मुलगा. मी म्हटलं, बघू या.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी भट्टी उघडली. घागर आख्खी होती. विटकरी, एका अंगाला धुरकट, थोडी बसकी. मी बोटाच्या पेरानं तिच्यावर टिचकी मारली. चांगलं मडकं खणखणीत वाजतं. ही बद्द वाजली. कुठंतरी केसाएवढी चीर असल्याशिवाय मडकं बद्द वाजत नाही. नसरीननं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दुसरी करायला ना माती होती ना वेळ. मी वर जाऊन सरळ सांगितलं, “मावशी, बद्द वाजतेय. पाणी धरेल की नाही, सांगता येत नाही.” त्यांनी स्वतः वाजवून पाहिली, कान लावून.

“भरू तर,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून संतोषनं घागर भरली. पाटावर गहू, त्यावर घागर, वर करा, बाजूला खरबूज आणि आंबे. हात जोडून तो जरा थांबला. असल्या गोष्टी मोठ्यानं बोलायची त्याला सवय नसावी. मग म्हणाला, “आप्पा, पाणी प्यायला या. घर हेच हाय.” आणि पटकन आतल्या खोलीत निघून गेला. मी घागरीकडं बघत होते. आधी तळाशी रंग गडद झाला, मग तो वर चढला, मग सगळ्या अंगावर बारीक बारीक थेंब फुटले. घाम! मावशींनी हात लावला, ओला तळवा डोळ्यांना लावला. आम्हाला आग्रहानं पुरणपोळी आणि आमरस वाढला. भिजल्या मातीचा वास सगळ्या घरात दरवळत होता, तव्यावरच्या तुपाच्या वासालाही न जुमानता.

रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी उठल्याबरोबर निघाले. मावशी माझ्या आधीच घागरीसमोर बसलेल्या होत्या. संतोष दारात उभा होता. मावशींनी करा बाजूला काढला आणि घागर माझ्या हातात दिली.

ती रिकामी होती. तळापर्यंत रिकामी. पाटावरचे गहू फुगून टम्म झाले होते आणि खालच्या फरशीवर एक मोठा डाग वाळत आला होता. संतोषनं डागाकडं बघितलं, मग माझ्याकडं. घागर माझ्याच हातात होती. नुसती उलटी करून तळ उजेडाला धरायचा अवकाश, चीर कुठून कुठं गेली आहे ते कळलं असतं. आणि मी ती बाई आहे, जिला कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी घागर उलटी केली नाही. जशी दिली तशी पाटावर ठेवली.

“लई तहानले होते,” मावशी म्हणाल्या. “पार तळ लागेस्तोवर प्याले बघ.”

त्या रडत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं की मलाही रडू फुटलं. संतोषनं तोंड फिरवलं. मग मावशींनी पदरानं नाक पुसलं, चहा ठेवायला उठल्या आणि स्वयंपाकघरातून, दूधवाल्याला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, “पुढच्या साली जरा मोठी कर.”

तर अशी ही मोठी घागर. हे लिहायला घेतलं तेव्हा ती चाकावर होती. काल ती भट्टीतून निघाली. बिडकीनहून पुन्हा माती आणून वर्षभर मी तिच्या मागं लागले होते. आता वाळू किती, भुसा किती, ती चाकावर कशी उभी राहते, कुठं थांबायचं, हे मला कळलं आहे. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेला लाजवेल अशी खणखणीत वाजते. आणि घोटाळा तिथंच आहे. हिला घाम येईल, पाणी चार बोटं उतरेल, आणि बस्स. मागच्या वर्षी जो माणूस तळापर्यंत पिऊन गेला, तो यंदा चार बोटंच प्याला, तर मावशींनी काय समजायचं? चांगलं मडकं केल्याची एवढी धास्ती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नसरीननंही घागर वाजवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “एक छोटासा छेद कर दूँ क्या? नीचे से?” ती थट्टा करत नव्हती. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

मावशी आत आल्या. “भट्टी उघडली ना? मंग तो कूलर तरी लावा की गं, मरताल घामानं,” असं म्हणत दाराशी गेल्या आणि आप्पांच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर त्या याआधी कधी बसल्या नव्हत्या. घागर मांडीवर घेतली. बोटाचं पेर मारलं, कान लावला. खणखण आवाज गॅरेजभर घुमला आणि विरला. त्यांनी आम्हा दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं.

“मागल्या साली वाट नवी होती, हिंडून हिंडून आले होते,” त्या म्हणाल्या. “औंदा घर म्हाईत हाय त्यांना. निवांत पितील.”